अठरा अक्षरांची ऑर्डर

सकाळी साडेआठला केतकी वाळिंबे पेन्सिलीला टोक करून बसली, तेव्हा भिंतीवरच्या फळ्यावर शून्य होतं. सलग एकेचाळिसावं शून्य. फैयाजनं खालच्या दुकानातून कंदी पेढे आणून तिच्या वहीशेजारी ठेवले होते, आणि केतकीला त्या पेढ्यांकडे बघवत नव्हतं. चांगली बातमी आली की माणसानं सुखानं दोन घास खावेत, पण हिचा स्वभावच असा की बातमी फार चांगली असली तर हिला रात्रभर झोप लागायची नाही.

साताऱ्यात पेढ्यांच्या दुकानाच्या माडीवर ‘पूर्व माध्यम अभ्यास केंद्र’ होतं. नाव भारदस्त, खोल्या तीन. चीनमधल्या ‘छिंगफंग’ नावाच्या समाजमाध्यमावर लोक काय लिहितात आणि त्यातलं काय पुसलं जातं, याची नोंद ठेवायची, एवढंच काम. छिंगफंग म्हणजे मंद झुळूक. नाव ठेवणाऱ्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यायला हवी. मिरजेच्या फैयाज मुजावरनं या कामासाठी एक यंत्रणा बांधली होती, तिला सगळे हजेरीमास्तर म्हणत. छिंगफंगवरच्या प्रत्येक नोंदीला एक क्रमांक असतो. हजेरीमास्तर तो क्रमांक टिपायचा, तासाभरानं परत जाऊन बघायचा, आणि क्रमांक जागेवर नसला की ‘पुसली’ असा शेरा मारायचा. दहा वर्षांपूर्वी अशा रोज आठशे-नऊशे नोंदी पुसल्या जायच्या. गेले एकेचाळीस दिवस एकही नाही.

हजेरीमास्तर मजकूर मात्र साठवत नसे. तो नियम दाभोळे बाईंचा. केंद्र त्यांनीच काढलं होतं, केतकीला चिनी त्यांनीच शिकवलं होतं. लिहिणाऱ्या माणसाचा शब्द यंत्रात राहिला तर उद्या कुणाच्याही हाती लागेल आणि तिकडे बिचाऱ्याच्या दारात गाडी उभी राहील, असं त्यांचं म्हणणं. म्हणून महत्त्वाच्या नोंदी हातानं वहीत उतरवायच्या. वेळ आली तर वह्या जाळता येतात, असं त्या शांतपणे सांगत. त्यांचा दुसरा नियम त्याहून कडक होता. आपण खिडकीतून बघणारे. खिडकी उघडायची नाही, हाक मारायची नाही.

केतकी रोज साडेआठला, म्हणजे तिकडच्या अकराला, एकाच बाईची नोंद उतरवायची. लिनहो नावाच्या गावातली ही बाई रोज त्याच ठोक्याला लिहायची, खात्याचं नाव ‘तिसऱ्या पुलावरची शिंपीण’. खऱ्या नावाचा पत्ता नव्हता. पूर्वी ती दोऱ्यांचे भाव, गिऱ्हाइकांच्या तऱ्हा असं काहीबाही लिहायची आणि झकास लिहायची. मग नदीपलीकडच्या बॅटरीच्या कारखान्याला आग लागली. नऊ जण जखमी, असं जाहीर झालं. शिंपिणीचा धाकटा भाऊ त्या पाळीला होता. तो जखमींत नव्हता, घरीही आला नाही. तेव्हापासून ती रोज एकच गोष्ट लिहायची: आज अमुकावा दिवस, माझा भाऊ आला नाही, कुणी पाहिलंय का. वाचणारे चाळीस हजारांच्या वर. आणि खाली उत्तरं काय, तर ‘सणाला येईलच की’, ‘भाऊ कर्तबगार दिसतो, नशीबवान आहेस’.

ही उत्तरं वाचून केतकीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. माणसं इतकी निबर कशी होतात? आधी तिला वाटलं की हे भाडोत्री टाळकरी असणार. पण तपासलं तर खाती साध्या माणसांची होती, कुणी दाई, कुणी ट्रकवाला. शिंपीण त्यांच्यावर रोज जास्त चिडत होती, आणि ते रोज जास्त गोड बोलत होते.

आज तिनं लांबलचक लिहिलं होतं. केतकी उतरवत गेली आणि चौथ्या ओळीला तिची पेन्सिल थांबली.

“सत्तेचाळिसावा दिवस. परदेशातले अभ्यासक म्हणतात की छिंगफंगवर आता एकही नोंद पुसली जात नाही. म्हणजे तुम्ही सगळं वाचताय, आणि वाचून मला सणाच्या गोष्टी सांगताय. ठीक आहे. शनिवारी दुपारी बाराला मी दुकान बंद करून पुलावर भावाचा फोटो घेऊन उभी राहीन. चाळीस हजार वाचतात. शंभर जण तरी या. शंभर असलो तर आपल्याला कुणी हात लावणार नाही.”

एकही नोंद पुसली जात नाही, हे वाक्य केतकीचं होतं. केंद्राच्या गेल्या महिन्याच्या पत्रकात तिनं स्वतः लिहिलेलं: छिंगफंगवर महिनाभरात एकही नोंद पुसली गेलेली नाही. वर्तमानपत्रांनी उचललं, बाहेरच्या देशांत गेलं, आणि छिंगफंगनं मोठ्या तोऱ्यात ते आपल्या पहिल्या पानावर लावलं. तेच वाक्य आता एका बाईनं खरं मानून कमरेला बांधलं होतं.

ती उठली, गॅलरीत गेली, परत आली. चहा ओतला आणि तसाच ठेवला. आपण घाईत काही चुकीचं वाचलं असेल, अशी एक वेडी आशा धरून तिनं ती नोंद पुन्हा उघडली. क्रमांक तोच होता. मजकूर असा होता: “आज भावाची आठवण आली. तो बाहेरगावी कामाला असतो. शनिवारी दुपारी दुकान बंद राहील, हवा चांगली असली तर पुलावर फिरायला जाईन.”

केतकीनं वही बघितली, पडदा बघितला. वीस वर्षं ही लिपी वाचतेय, एवढा तर डोळ्यांनी दगा दिला नसेल. तिनं फैयाजला हाक मारली. तो पेढा तोंडात टाकतच आला.

केतकी वाचायची ते खातं सोडून केंद्राची तिकडे आणखी तीन वाचक-खाती होती, वेगवेगळ्या शहरांतल्या वेगवेगळ्या माणसांच्या नावानं. फैयाजनं तीच नोंद तिन्ही खात्यांतून उघडली. कॉलेजातल्या मुलीच्या खात्यात शिंपीण पुलावर फोटो काढायला जाणार होती. कामगाराच्या खात्यात भाऊ पगारवाढीबद्दल खूश होता. निवृत्त शिक्षिकेच्या खात्यात पुलावरच्या फुलझाडांचा उल्लेख होता. तिन्हीकडे भाषा मात्र तिचीच, तीच खोडकर वळणं, तेच दोऱ्याचे दाखले. फैयाजच्या तोंडातला पेढा तसाच राहिला.

“पुसत नाहीत ताई, बदलतात,” तो म्हणाला. “प्रत्येकाला त्याच्या त्याच्या आवडीचं. नोंद जागेवर, क्रमांक जागेवर. आपला मास्तर हजेरी घेत बसलाय, आणि बाकावर पोरं दुसरीच.”

त्यानं मागच्या वह्या मागवल्या आणि दोघांनी तासभर त्या ताडून पाहिल्या, नव्या येणाऱ्या नोंदींवर घड्याळ लावलं. नोंद आल्यावर चारेक मिनिटं मूळ रूपात राहायची, मग तिकडचं एखादं यंत्र तिला मवाळ करायचं. केतकी साडेआठच्या ठोक्याला बसायची म्हणून तिच्या वहीत खरं उतरत होतं, आणि वहीतलं पुन्हा पडद्याशी ताडायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. लिहिणाऱ्याला स्वतःचं लेखन मूळचंच दिसत असणार, नाहीतर शिंपीण इतकी चिडली नसती. तिची चिडकी उत्तरंही पुढे मवाळ होऊन जात होती. ती ओरडत होती, आणि लोकांना ती हसतेय असं दिसत होतं. फैयाजनं त्या यंत्राला जागच्या जागी नाव दिलं, मवाळयंत्र. नाव ठेवण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही.

केतकीला शनिवार दिसत होता. पूल, दुपारचं ऊन, हातात फोटो, आणि शंभरांतलं एकही माणूस नाही. एकटी बाई उचलायला किती वेळ लागतो? आणि गाडीत बसताना तिला वाटेल की चाळीस हजार माणसांनी तिला जाणूनबुजून सोडलं. केतकीला हे शेवटचं जास्त असह्य झालं.

“तिला कळवायचं,” ती म्हणाली.

फैयाजनं कामगाराच्या खात्यावरून शिंपिणीला उत्तर लिहिलं: तुमचं लिहिलेलं आम्हाला दिसत नाही. पाच मिनिटांनी शिक्षिकेच्या खात्यातून ते उत्तर वाचलं, तर तिथं होतं: तुमचं लिहिलेलं आम्हाला फार आवडतं. त्यानं आणखी दोनदा शब्द फिरवून पाहिलं. दोन्ही वेळा यंत्रानं शिंपिणीचं कौतुकच केलं. केतकी खोलीत येरझाऱ्या घालायला लागली. फोन नाही, खरं नाव नाही, तिकडे ओळखीचं कुत्रं नाही, आणि हातात दोन दिवसही धड नाहीत.

अकराच्या सुमाराला दाभोळे बाई आल्या. चौऱ्याहत्तर वर्षांच्या, पण जिना चढून आल्यावर दम लागलाय हे कुणाला कळू द्यायच्या नाहीत. केतकीनं सगळं सांगितलं. बाईंनी वही वाचली, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचली. मग त्यांनी पत्रक मागे घ्यायला सांगितलं, आजच्या आज, जाहीर माफीसकट. शिंपिणीचं मात्र त्यांना पटेना. परक्या देशातून आलेला एक शब्द तिच्याकडे सापडला तर नुसता फोटो धरून उभं राहण्यापेक्षा शंभरपट वाईट होईल, असं त्या सांगत राहिल्या. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांनी एका कवीला पत्र पाठवलं होतं, त्याचं पुढं काय झालं ते त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आजही सांगितलं नाही, फक्त म्हणाल्या, खिडकी उघडायची नाही.

“बाई, खिडकी कधीच उघडलीय,” केतकी म्हणाली. “ती माझ्या वाक्यावर विसंबून पुलावर चाललीय. मी गप्प बसले, तर तिला तिथं मी पाठवलं असं होईल.”

बाई खिडकीपाशी जाऊन खालच्या रस्त्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि मग त्यांनी विचारलं की ही बाई नेमकं काय शिवते.

आता केतकीनं कपाळाला हात लावला. सत्तेचाळीस दिवस तिचं दुःख उतरवून घेतलं, पण तिच्या दुकानाचं पान एकदाही उघडलं नव्हतं. अभ्यासक म्हणजे असे. छिंगफंगलाच जोडून बाजार होता, आणि त्यात शिंपिणीचं दुकान होतं. स्वयंपाकाचे एप्रन शिवायची, आणि त्यावर गिऱ्हाईक सांगेल तो मजकूर भरतकामात काढायची. ‘आमच्या आईच्या हातची चव’ वगैरे. फॉर्ममध्ये एक चौकट होती: हवा तो मजकूर, जास्तीत जास्त अठरा अक्षरं. चिनी अठरा अक्षरांत बऱ्यापैकी बोलता येतं.

फैयाज खुर्चीत सावरून बसला. बाजाराचा कारभार वेगळा असतो, तो सांगू लागला. गिऱ्हाइकानं एक सांगितलं आणि कापडावर दुसरंच आलं, तर माल परत येतो, भांडणं होतात. लोकांच्या दुःखात हात घालतील, पण धंद्यात घालणार नाहीत. शिंपिणीपर्यंत ऑर्डर जशीच्या तशी जायला हवी. जाईलच असं मात्र तो म्हणू शकत नव्हता, आणि ते त्यानं तोंडावर कबूल केलं.

मग अठरा अक्षरांवर तिघं बसले. केतकीनं पहिल्यांदा लिहिलं त्यात माफी होती. बाईंनी त्यावर काट मारली. आपलं मन हलकं करायला तिची अक्षरं वापरू नकोस, एवढंच बोलल्या. दुसऱ्यात यंत्राची माहिती होती, तीही गेली. दीडच्या सुमाराला एक वाक्य उरलं: तुमचं लिहिलेलं प्रत्येकाला वेगळं, गोड दिसतं. शनिवारी कुणी येणार नाही. चिनीत बरोबर अठरा अक्षरं. केतकीनं ते तीनदा वाचलं. भाऊ गेला त्या दिवसापासून ही बाई ज्या एका गोष्टीच्या आधारानं उठते, तीच आपण काढून घेतोय. कुणी ऐकत नाही हे कळणं वाईट की ऐकूनही कुणी येत नाही हे? तिला ठरवता येईना, आणि न ठरवताच तिनं निवृत्त शिक्षिकेच्या नावानं ऑर्डर पाठवली. निळा दोरा, पांढरा एप्रन, घाईचं काम.

ऑर्डर स्वीकारल्याचा शिक्का आला. त्यानंतर काही नाही.

शुक्रवार केतकीनं कसा काढला ते तिचं तिला माहीत. सकाळी शिंपिणीची नोंद आली, पण यंत्र आता चलाख झालं होतं. चार मिनिटांचं एक मिनिट झालं, आणि केतकीच्या वहीत फक्त ‘अठ्ठेचाळिसावा दिवस’ एवढंच उतरलं. पत्रक मागे घेतल्याची बातमी इकडे दोन ठिकाणी छापून आली, एका पत्रकारानं फोन करून तिला फैलावर घेतलं, आणि तिनं निमूट ऐकून घेतलं. फैयाज दर दहा मिनिटांनी दुकानाचं पान उघडत होता. शेवटी बाईंनीच दोघांना दटावून बसवलं.

चार वाजता फोटो आला. माल तयार झाला की गिऱ्हाइकाला फोटो पाठवायची त्या दुकानाची पद्धत होती. पांढरा एप्रन, निळा दोरा. त्यावर चार चिनी अक्षरं होती: घर सुखी राहो.

फैयाज हळूच खुर्चीतून उठला आणि पाठ करून उभा राहिला. केतकीला रडू फुटलं, आणि ते तिनं लपवलं नाही. ऑर्डर वाटेतच मवाळ झाली होती. उद्या बाराला ती बाई पुलावर जाणार.

दाभोळे बाई मात्र फोटोकडे बघतच नव्हत्या. त्या फोटोखालची बारीक चिठ्ठी वाचत होत्या. शिंपीण प्रत्येक मालाबरोबर कामाचा तपशील लिहायची, हे त्यांनी आदल्या दिवशीच दुकानाच्या पानावर बघून ठेवलं होतं. बाईंच्या घरी आई भरतकाम करायची, त्यामुळे त्यांना या गोष्टींचं भान होतं.

“वाच,” त्या म्हणाल्या.

चिठ्ठीत होतं: भरलेली अक्षरं अठरा. निळा दोरा अकरा मीटर.

“चार अक्षरांना अकरा मीटर दोरा लागत नाही, केतकी. तिनं अठराच भरलीत. फोटो बदललाय. यंत्रानं शब्द झाकले, पण आकडे त्याला झाकता आले नाहीत, बाजाराचे आहेत ना ते.”

म्हणजे तिनं वाचलं होतं. नुसतं वाचलं नव्हतं, एकेक अक्षर सुईनं टाके घालत वाचलं होतं, दोन-तीन तास. केतकीनं डोळे पुसले. त्या दोन-तीन तासांत त्या बाईच्या मनातून काय काय गेलं असेल, याचा विचार करायचं धाडस तिला झालं नाही. आणि एवढं करूनही ती पुलावर जाणार नाही, असं कुठं लिहून आलं होतं? दुःखात माणूस हट्टाला पेटतो. कुणी नसलं तर मी एकटी उभी राहीन, असं म्हणणारी बाई होती ती.

शनिवारी सकाळी तिघंही सव्वाआठलाच हजर होते. बाईंनी स्वतःची पेन्सिल आणली होती. केतकी नोंदीची एक ओळ उतरवणार, बाई तिच्या पुढची, म्हणजे मधे यंत्र आलं तरी जास्त हाती लागेल. साडेआठला नोंद आली. दोघींच्या पेन्सिली सपासप चालल्या. चाळीस सेकंदांत पडद्यावरची अक्षरं हलली आणि जागच्या जागी दुसरी झाली. तिन्ही खात्यांत शिंपीण हवापाण्याबद्दल बोलत होती.

वहीत उतरलं होतं ते असं: “एकोणपन्नासावा दिवस. काल मला कुणीतरी खरं सांगितलं. तुम्हाला माझा भाऊ कामावर सुखात दिसतो, हे मला माहीत नव्हतं. मी तुमच्यावर रागावले, चुकलं. आज पुलावर येऊ नका. ज्यांनी हे बदलायच्या आत वाचलं असेल, त्यांनी माझ्या दुकानात...”

पुढचं गेलं होतं. केतकीनं बाईंकडे पाहिलं, बाईंच्या वहीतही तिथंच रेघ थांबली होती.

फैयाजनं दुकानाचं पान उघडलं. त्या पानावर रोज वरच्या कोपऱ्यात दोन गोष्टी असायच्या: दुकान उघडं की बंद, आणि आजच्या ऑर्डरी किती. एरवी तीन-चार असायच्या. साडेनऊला, म्हणजे लिनहोत दुपारचे बारा वाजले, तेव्हा तिथं ‘दुकान उघडं’ असं होतं. केतकीनं खुर्चीची पाठ घट्ट धरली होती, ती सोडली. शिंपीण पुलावर नव्हती. ती मशिनपाशी बसली होती.

ऑर्डरींचा आकडा एकेचाळीस होता. फैयाजनं पान ताजं केलं, अठ्ठावन्न. पुन्हा केलं, त्र्याहत्तर. प्रत्येक ऑर्डरीपुढं फक्त अक्षरांची संख्या दिसत होती, मजकूर नाही. अठरा, अठरा, सतरा, अठरा. एवढ्या माणसांना एका सकाळी एप्रन कशाला हवे असतील हे सांगायला कुणा पंडिताची गरज नव्हती. कुणी त्या आगीच्या रात्री काय पाहिलं ते लिहीत असेल. कुणी भावाचं नाव. आणि बारावी की तिसावी ऑर्डर त्या यंत्रवाल्यांचीही असेल, नेमकं कोण कोण बोलतंय ते बघायला. केतकीच्या छातीत आनंद आणि भीती दोन्ही एकाच वेळी धडधडत होती, आणि त्यातलं एक दुसऱ्यापासून वेगळं करणं तिला जमत नव्हतं.

फैयाजनं सवयीनं फळ्याकडे पाहिलं. हजेरीमास्तरच्या हिशोबानं तिथं आजचं शून्य मांडलेलं होतं. तो उठला आणि त्यानं ते फडक्यानं पुसून टाकलं, पण त्या जागी काय लिहायचं हे त्याला सुचलं नाही.

दाभोळे बाईंनी दुकानाचा फॉर्म आपल्यासमोर ओढून घेतला. मजकुराच्या रिकाम्या चौकटीवर बोट ठेवून त्यांनी केतकीला विचारलं:

“त्र्याहत्तर जणांनी तिला काय सांगितलं ते आपल्याला कधी कळणार नाही. मग आता चौऱ्याहत्तरावं काय लिहायचं, ग?”